पहाटेची सायकल, पहाटेचे काँक्रीट

प्रश्न : आम्ही मूळचे सोलापूरचे असून सहा वर्षांपासून अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, टूसॉन शहरात राहतो. शहराच्या पूर्व कडेला आम्ही घर बांधायला घेतले आहे. सध्याचे भाड्याचे घर शहराच्या मध्यावर आहे आणि कार्यालय त्याच्याही पश्चिमेला. कार्यालयात मी सायकलीने जातो. बांधकामावरही संध्याकाळी सायकलीनेच चक्कर मारतो. मे महिना लागल्यापासून मात्र तिथे पोहोचेपर्यंत अंगात त्राण उरत नाही. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाचे असे का व्हावे? शिवाय घर बांधतानाच सायकलीसाठी कोणत्या सोयी करून घ्याव्यात?
— एक वाचक, टूसॉन

उत्तर : सोलापूरच्या उन्हात घाम निथळतो, सदरा पाठीला चिकटतो आणि आपण पाण्याचा तांब्या शोधू लागतो. टूसॉनमध्ये जूनच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की घाम दिसण्याआधीच उडून जातो. तो आला होता याची साक्ष सदऱ्यावर उरलेले मिठाचे पांढरे पट्टे तेवढे देतात. त्यामुळे सोलापुरात कमावलेला अंदाज इथे फसतो. त्यातच हवेचे तापमान 35 अंशांच्या वर गेले की सायकलच्या वेगाने अंगावर येणारा वारा शरीराची उष्णता काढून नेण्याऐवजी त्यात भरच घालतो, आणि थंडावा देण्याचे सगळे काम एकट्या घामाच्या बाष्पीभवनावर येऊन पडते. तहानेवर विसंबू नका. एखाद्या दिवशी निघण्यापूर्वी आणि परतल्यावर वजन करून पाहा. एक किलो घट म्हणजे सुमारे एक लिटर पाणी गेले, असा हिशेब धरायला हरकत नाही. नुसते पाणी पीत राहणेही योग्य नाही, कारण घामाबरोबर मीठही जाते. मीठ घातलेले ताक किंवा साखर-मीठ-लिंबाचे सरबत हे काम चोख करते, त्यासाठी दुकानातील रंगीत बाटल्यांची गरज नाही.

मात्र हा सगळा दुय्यम उपाय झाला. आपली मुख्य चूक वेळेची आहे. जूनमधली सहाची वेळ घड्याळात संध्याकाळ असली तरी तिथे ती दुपारच असते. दिवसाचे कमाल तापमान चारच्या सुमारास गाठले जाते, सूर्य साडेसातच्या आसपास मावळतो आणि तापलेला डांबरी रस्ता त्यानंतरही उष्णता ओकत राहतो. उलट ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करीत नाहीत, म्हणून जूनमध्ये सव्वापाचलाच सूर्योदय होतो आणि कार्यालयापूर्वीचे दोन-अडीच तास हाताशी राहतात. साइटवरची चक्कर संध्याकाळवरून पहाटेवर आणा, एवढाच माझा खरा सल्ला आहे.

यात बांधकामाचाही मोठा फायदा आहे. वाळवंटातले कंत्राटदार उन्हाळ्यात काँक्रीट पहाटे ओततात, ते केवळ मजुरांच्या सोयीसाठी नव्हे. ओतलेल्या काँक्रीटमधले पाणी हळूहळू पृष्ठभागावर येत असते. ते वर येण्याच्या वेगापेक्षा लवकर उडून गेले तर काँक्रीट घट्ट होण्यापूर्वीच वरचा थर आकसतो आणि त्यावर बारीक भेगांचे जाळे उमटते. कडक ऊन, कोरडी हवा आणि वारा हे तिन्ही एकत्र आले की हे हमखास घडते. आपल्याकडे स्लॅब म्हटले की छत डोळ्यांसमोर येते. टूसॉनमध्ये तो बहुधा घराच्या तळाचा, थेट जमिनीवर ओतलेला असतो आणि पुढच्या सगळ्या कामाचा आधार तोच असतो. त्यामुळे ओतण्याच्या दिवशी आणि पुढचा निदान आठवडाभर पृष्ठभाग ओलसर राहतो की नाही, हे मालकाने स्वतः पाहिलेले बरे. ओले गोणपाट, प्लॅस्टिकचे आच्छादन किंवा फवारण्याचे रसायन यांपैकी काय वापरणार, हे कंत्राटदाराला आधीच विचारून ठेवा. पहाटे गेलात तर माणसे कामावर भेटतात आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळते. उन्हाळ्यात तिथले काम दुपारीच आटोपत असल्याने संध्याकाळच्या वाऱ्या आजवर आपण बहुधा बंद फाटकाशीच केल्या असाव्यात.

परतीच्या प्रवासाबद्दल अभिमान बाळगू नये. टूसॉनच्या सिटी बसला पुढच्या बाजूस सायकली ठेवण्याचा स्टँड असतो. सकाळी सायकलीने जाऊन दुपारी सायकल बसवर चढवून परतणे हा जून-जुलैमधला सर्वांत शहाणपणाचा बेत आहे. सायकल चालवणे म्हणजे दोन्ही वेळा चालवलेच पाहिजे असे कुठे लिहिलेले नाही.

नव्या घराची जागा मात्र, बहुधा नकळत, आपण उत्तम निवडली आहे. शहरातले मोठे रस्ते पूर्व-पश्चिम आणि दक्षिणोत्तर आखलेले आहेत. घर पूर्वेला आणि कार्यालय पश्चिमेला असल्यामुळे राहायला गेल्यानंतर सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना सूर्य आपल्या पाठीशी राहील. सूर्य समोर असतो तेव्हा केवळ आपलेच नव्हे, तर मागून येणाऱ्या चालकाचेही डोळे दिपलेले असतात, आणि तो धोका अधिक मोठा. सध्या साइटकडे पहाटे पूर्वेला जाताना आपण नेमके त्याच स्थितीत असाल, म्हणून घर पुरे होईपर्यंत सूर्य वर येण्यापूर्वीच पोहोचावे आणि मागचा दिवा लावलेला असावा. राहायला गेल्यानंतर समोरून येऊन डावीकडे वळणाऱ्या मोटारींपासून सावध राहा; तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून अशा मोटारी आपल्या वाटेला आडव्या येतात. तेव्हा डोळे त्यांचे दिपलेले असतील.

आता सोयी. सायकलची खोली घराच्या उत्तर किंवा पूर्व बाजूस घ्या. पश्चिमेला तोंड असलेले गॅरेज दुपारी भट्टी होते. त्यात टायरचे रबर लवकर तडकते, ट्यूबविरहित टायरमधले पंक्चर बुजवणारे द्रव वाळून जाते, आणि विजेची सायकल असेल तर बॅटरीचे आयुष्य घटते. त्या खोलीला लागून लहानसे न्हाणीघर काढलेत तर धुळीने माखून आल्यावर घरभर पावले उमटणार नाहीत. ॲरिझोनात अंघोळीचे आणि कपडे धुतल्याचे पाणी घरगुती बागेला देण्यास दिवसाला 400 गॅलनपर्यंत, म्हणजे सुमारे 1500 लिटरपर्यंत, वेगळा परवाना काढावा लागत नाही. स्वयंपाकघरातील पाणी मात्र यात चालत नाही, आणि हे पाणी फवारता किंवा साचू देता येत नाही. त्यासाठीची वेगळी नळजोडणी पाया भरण्यापूर्वीच सांगावी लागते, नंतर ती स्लॅब फोडून करावी लागते. पश्चिमेच्या भिंतीबाहेर मेस्किटचे झाड लावून ते पाणी त्याला सोडा. काही वर्षांत सायकलीला आणि भिंतीला, दोघांनाही सावली मिळेल.

प्रश्न : याच पत्रात वाचकांच्या पत्नीने विचारले आहे की रविवारी हौसेने फिरायला कुठे जावे, आणि आठवड्याला दोन-दोन पंक्चर होतात त्याचे काय करावे?

उत्तर : फिरण्यासाठी ‘द लूप’ आहेच. त्याचा उगम बांधकामाशी जोडलेला असल्यामुळे तो आपल्याला विशेष आवडावा. ऑक्टोबर 1983 च्या महापुरात टूसॉनमधल्या एरवी कोरड्या असणाऱ्या नद्यांनी काठ खाऊन टाकले. त्यानंतर माती आणि सिमेंट एकत्र करून ते काठ मोठ्या प्रमाणावर बांधून काढण्यात आले, आणि त्या बंदिस्त काठांवरून आज रिलिटो, सांताक्रूझ आणि पँटानो या नद्यांच्या कडेने मोटारींविना जाणारा मार्ग तयार झाला आहे. सगळे फाटे धरून त्याची लांबी 200 किलोमीटरहून अधिक भरते. भर उन्हाळ्यात लेमन पर्वताची वाट धरावी: दीड हजार मीटरहून अधिक चढ आहे, पण वर पाइनचे जंगल लागते आणि हवा पायथ्यापेक्षा दहा अंशांहून अधिक थंड असते. उतरताना पुन्हा भट्टीतच यायचे आहे, हे लक्षात ठेवून पहाटेच निघावे.

जून ते सप्टेंबर या पावसाळी दिवसांत (तिथेही त्याला ‘मान्सून’च म्हणतात) पुलांखालून जाणारे लूपचे भाग टाळावेत. पाऊस डोंगरावर पडतो आणि आपल्या डोक्यावर निळे आकाश असताना लोंढा कोरड्या पात्रातून येतो.

पंक्चर करणारा काटा आपल्या ओळखीचाच आहे. तिथे त्याला बोकडाच्या डोक्यावरून नाव पडले आहे, पण तो आपला सराटा, म्हणजेच गोखरू. जुन्या जगातून तिकडे गेलेला. फळ फुटले की त्याचे पाच तुकडे होतात आणि कसेही पडले तरी एखादे शिंग वरच राहते. डांबराची कडा सोडून चालवा आणि ट्यूबमध्ये पंक्चर बुजवणारे द्रव भरा. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायर आतून बोटाने न चाचपता फडक्याने पुसा. काटा फडक्याला अडकतो. चोया निवडुंगाचा गोळा चिकटल्यास तो हाताने कधीही ओढू नये, जुन्या फणीने उचकटावा. बांधकामावर मात्र फाटकापाशीच उतरून सायकल उचलून न्यावी. बाइंडिंग वायरचे आणि गिलाव्याच्या जाळीचे तुकडे सराट्याहून वाईट, कारण त्यांच्यापुढे हे द्रवही अनेकदा हरते.

प्रश्न : माझा मुलगाही त्याच भागात घर बांधत आहे आणि सायकलीने फिरतो. तो म्हणतो की तिथल्या धुळीने ‘व्हॅली फीव्हर’ होतो. हे खरे आहे का? वास्तुशांतीला आम्हा दोघांना तिकडे जायचे आहे.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : चिरंजीव खरे सांगत आहेत. ॲरिझोनाच्या मातीत कॉक्सिडिओइडिस नावाची बुरशी असते. खोदकामाने किंवा वाऱ्याने तिचे कण उडतात आणि श्वासाबरोबर फुफ्फुसात जातात. अनेकांना काहीच त्रास होत नाही. काहींना एक ते तीन आठवड्यांनी ताप, खोकला आणि न संपणारा थकवा येतो, आणि बहुतेक जण बरे होतात. थोड्यांना मात्र दीर्घ उपचार लागतात. एका माणसापासून दुसऱ्याला तो होत नाही. पाया खणण्याच्या दिवसांत मुलाने तिथून सायकल नेऊ नये, माती ओली करून घ्यावी आणि थांबणे भागच असेल तर एन-95 मास्क लावावा. धुळीचे वादळ दिसले तर त्या दिवशी सायकल घरीच ठेवावी.

आपल्यासाठी एक सूचना त्याहून महत्त्वाची आहे. सोलापुरात परतल्यावर खोकला रेंगाळला तर आपण ॲरिझोनात जाऊन आलो आणि बांधकामाच्या जागी वावरलो, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना आपणहून सांगा. आपल्याकडे हा आजार दिसत नसल्याने फुफ्फुसातला डाग पाहून पहिली शंका क्षयाची येईल आणि उपचार भलत्याच दिशेने सुरू होऊ शकतील. या आजारासाठी रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते, आणि ती करायची हे सुचण्यासाठी डॉक्टरांना आपला प्रवास ठाऊक असायला हवा.