२१२ नमस्कारांची थकबाकी

*ताई, नमस्कार.*

*मी ५९ वर्षांची. साताऱ्यात एका पतसंस्थेत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं वसुलीला होते. गेल्या मे महिन्यात निवृत्त झाले. योगासनांचा क्लास लावला, मग घरीच करू लागले. पहाटे सव्वाचारला उठते. १०८ सूर्यनमस्कार, मग कपालभाती, भस्त्रिका, अनुलोम-विलोम, शेवटी ध्यान. ध्यानात मन लागलं नाही की त्या दिवशी दहा मिनिटं वाढवते, असं करत करत आता तासावर आले आहे. संध्याकाळी परत पाऊण तास. पूर्वी मिस्टरांबरोबर टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत चालायला जायचे, ते आता जमत नाही.*

*मध्ये नातीच्या बारशाला दोन दिवस पुण्याला जावं लागलं. राहिलेले नमस्कार वहीत मांडून ठेवलेत, सध्या २१२ बाकी आहेत, ते भरून काढीन.*

*तक्रार अशी, की उजवं मनगट सुजतं. संध्याकाळी चक्कर आल्यासारखं होतं, बीपीची गोळी चालू आहे. रात्री दोनला जाग येते ती येतेच. परवा मी ध्यानाला बसलेली असताना मिस्टरांनी चहाचं भांडं आपटलं, तर मी त्यांना इतकं बोलले की ते दिवसभर गप्प होते. योगानं माणूस शांत होतो ना? माझं प्रमाण कुठे चुकतंय? १०८चे सकाळी ५४ आणि संध्याकाळी ५४ केले तर चालेल का?*

*– एक साधिका, सातारा*

वसुली अधिकारीबाई,

सही 'साधिका' अशी असली तरी पत्र कुणी लिहिलंय ते मला कळतं. ५४ आणि ५४ म्हणे! हप्ते पाडून दिले म्हणून मुद्दल कमी होत नाही, हे तुम्ही काउंटरवर किती जणांना ऐकवलं असेल.

आधी चक्कर उरकू. बीपीची गोळी चालू असताना भस्त्रिका करायची की नाही, हे विचारायची जागा माझं सदर नव्हे. गोळी ज्यांनी लिहून दिली त्यांच्याकडे याच आठवड्यात जा, मनगटही दाखवा. ते सांगेपर्यंत कपालभाती, भस्त्रिका आणि नमस्कार, तिन्ही बंद. यावर चर्चा नाही.

आता ती ओळ. एवढ्या पत्रात तुम्ही तिला जाता जाता जागा दिलीत. 'सध्या २१२ बाकी आहेत.' मी पेन घेऊन बसले. दोन दिवस पुण्यात, रोजचे १०८, म्हणजे २१६. बाकी २१२. मग चार कुठे गेले?

चार तुम्ही तिथे घातलेत.

तेव्हापासून ते चार नमस्कार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. बारशाचं घर. हॉलमध्ये पाळण्याला झेंडूच्या माळा बांधायचं चाललंय, स्वयंपाकघरात घुगऱ्या शिजताहेत, आणि आतल्या खोलीत पाहुण्यांच्या बॅगा आणि कपाट यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत आजी ओणवी. चौथा होतो न होतो तोच कुणीतरी दार ढकलतं. "अगंबाई, तुम्ही इथे? तिकडे कुंची सापडेना." तुम्ही उठता, पदर सारखा करता, बाहेर येता. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत ते ऊबदार गाठोडं पाळण्याखालून तुमच्या हातात येतं, आणि तुमच्या डोक्यात १०४. खोटं असेल तर कळवा, पुढच्या वेळी इथेच माफी मागेन.

पत्रात नातीचं नाव नाही. २१२ आहे.

बाई, ३१ वर्षं तुम्ही लोकांची थकबाकी वसूल केलीत. सहकार कायद्याच्या कलम १०१चे वसुली दाखले काढलेत, भर उन्हात जामीनदारांच्या दारात उभ्या राहिलात, मार्च एंडला घरी जेवायला दहा वाजवलेत. चोख काम केलं असणार, पत्राच्या अक्षरावरूनच दिसतं. मग शाल-श्रीफळ झालं, कंदी पेढे वाटून झाले, तुम्ही घरी आलात. तुमच्या मागोमाग वसुली विभागही घरी आला. आता कर्जदार कुठून आणायचा? घरात एकच सापडला.

म्हणून ही वही. ध्यानात मन लागलं नाही की दहा मिनिटं जादा, हे ध्यान नव्हे, दंडव्याज आहे. रात्री दोनला जाग येते म्हणता, थकबाकीदाराला झोप लागत नाही हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! आणि मनगट बिचारं जामीनदार. त्यानं कर्ज घेतलंच नव्हतं. नमस्काराच्या बारा स्थिती धरल्या तर त्यांतल्या आठांत तळवे जमिनीवर असतात. मधल्या तीन-चारांत तर अंगाचा बराच भार त्यांच्यावरच येतो. हे रोज १०८ वेळा. ज्या मनगटानं जन्मभर रजिस्टरं उचलली आणि पोळ्या लाटल्या, त्याच्यावर तुम्ही काही महिन्यांत थेट जप्तीच आणलीत. कर्जदारालासुद्धा आधी नोटीस देतात हो.

मिस्टर दिवसभर गप्प बसले त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. भांडं त्यांनी मुद्दामही आपटलं असेल. चार भिंतींच्या चढावर रोज बरोबर असणारं माणूस एक दिवस दार लावून आत बसतं, ते उठायलाच तयार नाही, मग समोरच्यानं काय आपटावं?

जुन्या लोकांना हा रोग चांगला माहीत होता. हठयोगप्रदीपिकेत योग कशानं बुडतो त्याची सहा कारणं दिली आहेत. अति खाणं, फार बडबड, सारखं माणसांत राहणं आणि चंचलपणा, ही चार तुम्हाला लागू नसतील. उरली दोन. एक प्रयास, म्हणजे शरीराला पिळून काढणं. दुसरं नियमाग्रह. अहो, योग शिकवणारा ग्रंथच सांगतोय की नियमाचा हट्ट धरलात तर योग जाईल, आणि तुम्ही नियमाची वही घालून बसलात! त्याच ग्रंथात प्राणायामाबद्दल म्हटलंय, की सिंह, हत्ती, वाघ जसे 'शनैः शनैः' वश होतात तसाच वायू वश करायचा, नाहीतर तो साधकालाच मारतो. तुम्ही वाघाला मार्च एंडची तारीख दिलीत.

नमस्कारांना मी नावं ठेवत नाही. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ज्या सूर्यनमस्कारासाठी आपल्या संस्थानातल्या शाळा कामाला लावल्या, त्याच्याविरुद्ध सातारा जिल्ह्यातल्या बाईला मी काय सांगणार! मोजण्यालाही माझी ना नाही. माझ्या आईनं लाख वाती वळल्या. शंभराची जुडी दोऱ्यानं बांधायची आणि पत्र्याच्या डब्यात टाकायची. मध्येच तिला टायफॉइड झाला, महिनाभर कापसाला हात लागला नाही. बरी झाल्यावर मी म्हटलं, आता रोज दुप्पट वळाव्या लागतील. ती म्हणाली, "का? देव काय दारात उभाय वसुलीला?" आणि जिथे थांबली होती तिथून पुढे वळायला लागली. लाख कधी झाल्या ते मला आठवत नाही. तिलाही आठवत नव्हतं.

तर प्रमाण किती, ५४ की २७, हा प्रश्न बाजूला ठेवा. माझं एकच सांगणं आहे आणि ते आजच करायचं आहे. वही काढा. लाल पेन घ्या. २१२वर आडवी रेघ मारा, पुढे लिहा 'माफ', खाली सही, सहीखाली तारीख. संचालक मंडळापुढे ठेवायची गरज नाही. एकरकमी परतफेडीत व्याज सोडतात, मुद्दल सोडत नाहीत, हे मलाही माहीत आहे. इथे मुद्दलही सोडायचं. रेघ मारताना हात अडखळेल. अडखळू दे, पण मारा. मग वही मिस्टरांच्या हातात द्या, दुधाचा हिशोब लिहितील.

मनगटाची सूज उतरली आणि डॉक्टर हो म्हणाले, की बारा नमस्कार. तेरावा घालायचा नाही. बारा म्हणजे फारच कमी, असं आत्ता तुमच्या मनात आलंच असेल. त्या 'फारच कमी'तच महिनाभर राहा. बाहेरगावी गेलात, पाहुणे आले, कंटाळा आला, तर तो दिवस गेला. त्याला पुढच्या दिवसात ओढायचं नाही. ध्यान पंधरा मिनिटं. गजर झाला की उठायचं, मन लागलं नसेल तरी उठायचं, आणि विशेष म्हणजे लागलं असेल तरी उठायचं. पहाटेची सव्वाचारची हौस निदान थंडी सरेपर्यंत गुंडाळून ठेवा. साडेपाचलाही सूर्य उगवलेला नसतो, त्याच्या आधी उठल्याचं समाधान तेवढ्यानंही मिळेल.

संध्याकाळची बैठक रद्द. त्या वेळी चपला घाला आणि मिस्टरांना हाक मारा. चक्कर थांबेपर्यंत चार भिंतींचा चढ नको, पोवई नाक्यापर्यंत जाऊन या. पहिल्या दिवशी ते फारसे बोलणार नाहीत. तुम्हीही बोलू नका, नुसतं चाला.

मनगटाचं काय झालं ते कळवा. आणि नातीचं नाव.

– तुमची ताई