पॉलिहाऊसमधील स्वयंचलित हवामान नियंत्रण : तीन शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तर

गेल्या पंधरवड्यात पॉलिहाऊसधारकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी तीन एकाच विषयाचे असल्याने त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. शिरोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने दहा गुंठे जरबेरासाठी मिळालेले कोटेशन दाखवून विचारले आहे की, पडदे, फॉगर (धुक्यासारखे बारीक तुषार उडवणारी यंत्रणा), शेडनेट, ठिबक आणि खते असे सर्व काही मोबाईलवरून चालवणारी यंत्रणा एकदम बसवून घ्यावी का. पन्हाळा तालुक्यातील ढोबळी मिरची उत्पादकाची तक्रार अशी आहे की, तापमान २९ अंशांवर गेले की फॉगर आपोआप सुरू होतात, तरीही पावसाळ्यात करपा आणि फळकुजीने प्लॉट हातचा गेला. हातकणंगले तालुक्यातील एका ताईंनी विचारले आहे की, मोबाईलवर ३८ अंश दिसतात आणि आत टांगलेल्या तापमापकावर ३३. खरे कोणते मानायचे?

ताईंच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण मापच चुकले तर पुढचे सारे हिशेब कोलमडतात. त्यांच्या पॉलिहाऊसला भेट दिली तेव्हा सेन्सरची काळी डबी छताच्या गटरजवळच्या पाईपला तारेने आवळून बांधलेली होती, दुपारी बारा वाजता तिच्यावर सरळ ऊन येत होते आणि हवा जाण्याच्या छिद्रांवर कोळ्याने जाळे विणले होते. ती डबी झाडाभोवतीच्या हवेचे नव्हे, तर तापलेल्या पाईपचे आणि स्वतःचेच तापमान सांगत होती. आम्ही ती सोडवून पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर टांगली आणि वर पांढरा रंग दिलेल्या पत्र्याच्या दोन चकत्या बोटभर अंतर ठेवून बसवल्या. अर्ध्या तासात दोन्ही मापांतला फरक एका अंशाच्या आत आला. म्हणजे ताईंचा तापमापक बरोबर होता. दहा गुंठ्यांत किमान दोन सेन्सर असावेत, एक मध्यभागी आणि एक पश्चिमेच्या पडद्यापासून काही फूट आत. फवारणीच्या वेळी ते काढून ठेवावेत, कारण गंधक व इतर औषधांच्या थरामुळे आर्द्रतेचे माप हळूहळू बिघडत जाते आणि ते पटकन लक्षातही येत नाही. महिन्यातून एकदा ओल्या-कोरड्या तापमापकाशी पडताळणी करावी.

आता पन्हाळ्याच्या प्रश्नाकडे येऊ, कारण आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या दृष्टीने खरा मुद्दा तिथे आहे. फॉगरचे पाणी हवेत विरते तेव्हा ते हवेतील उष्णता घेते आणि त्यामुळे थंडावा येतो. पण हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर पाणी विरतच नाही, ते पानांवर थेंब होऊन बसते. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी जो फॉगर तापमान चार-पाच अंशांनी उतरवतो, तोच जुलैमध्ये पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याच्या झिमझिम पावसात पीक फक्त भिजवतो. या शेतकऱ्याच्या यंत्रणेत फॉगरला तापमानाची एकच अट घातलेली होती, आर्द्रतेची अटच नव्हती. दुपारी क्षणभर ऊन पडून पारा २९ वर गेला की ८५ टक्के आर्द्रतेतही फॉगर सुटत होते. यंत्राने सांगितले तसेच केले. सांगणाऱ्याने कोरड्या मुलखातील मापे जशीच्या तशी इथे उतरवली होती. तेव्हा आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर असताना फॉगर कोणत्याही तापमानाला सुरू होणार नाही, ही अट सर्वांत वरची ठेवावी. तापमानाच्या अटीतही चालू आणि बंद यांत दोन अंशांचे अंतर असावे, म्हणजे ३० ला सुरू आणि २८ ला बंद. नाहीतर कॉन्टॅक्टर (मोटार चालू-बंद करणारा स्विच) सारखा खटखटत राहतो आणि मोटार जळते. फॉगर सलग न चालवता अर्धा मिनिट चालू आणि पाच मिनिटे बंद अशा पाळीने चालवावेत.

रोगाचे मूळ मात्र दुपारपेक्षा रात्रीत अधिक असते. ३० अंशांची एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरू शकते, २० अंशांची फक्त १७ ग्रॅम. दहा गुंठ्यांचे, सरासरी पाच मीटर उंचीचे पॉलिहाऊस म्हणजे साधारण ५,००० घनमीटर हवा. संध्याकाळी ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना सर्व पडदे बंद केले आणि पहाटे पारा २० वर उतरला, तर सुमारे ३५ लिटर पाणी आतल्या आत प्लॅस्टिकवर, पानांवर आणि फळांवर सुटते. पहाटे छतावरून टपटपणारे थेंब ते हेच. पावसाची झड नसेल तर दिवस मावळताना पडदे हातभर उघडे ठेवून दमट हवा बाहेर जाऊ द्यावी, आणि सकाळी ते एकदम न उघडता, सूर्योदयाच्या सुमारास थोडे थोडे उघडत जावेत. हे काम माणसाकडून रोज वेळेवर होत नाही, अंगमेहनतीमुळे नव्हे तर वेळेमुळे. पहाटे साडेपाचला दुधाची धार काढायची की पडदे फिरवायचे, असा प्रश्न आपल्याकडे घरोघरी असतो. म्हणून स्वयंचलन सर्वांत आधी कुठे हवे असेल, तर ते पडद्यांना.

शिरोळच्या शेतकऱ्याला माझा सल्ला यातूनच निघतो. सर्व यंत्रणा एकदम घेऊ नये. पहिल्या टप्प्यात बाजूच्या पडद्यांना २४ व्होल्टच्या गिअर मोटारी, दोन्ही टोकांना लिमिट स्विच (पडदा टोकाला पोचला की मोटार थांबवणारे), दोन तापमान-आर्द्रता सेन्सर आणि एक पाऊस-वाऱ्याचा सेन्सर एवढेच घ्यावे. पावसाळी वारा आपल्याकडे पश्चिमेकडून येतो, त्यामुळे पश्चिमेचा पडदा पूर्वेच्या पडद्यापासून वेगळा चालला पाहिजे; एकाच मोटारीवर दोन्ही जोडून देण्याची काटकसर मान्य करू नये. मोटारी बॅटरीवर चालतील असे पाहावे, कारण शेतीपंपाची थ्री फेज वीज ठरावीक तासच असते आणि वळवाच्या पावसात ती नेमकी गरजेच्या वेळीच जाते. वीज गेली, सेन्सर तुटला किंवा कंट्रोलर बंद पडला तर पडदे कोणत्या स्थितीत राहतील, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. त्याने ‘असे कधी होत नाही’ असे उत्तर दिले, तर दुसरा पुरवठादार पाहावा. हाताने फिरवायचे हँडल काढून टाकू देऊ नये.

निर्णय घेणारा कंट्रोलर पॉलिहाऊसमध्येच असावा. मोबाईल फक्त पाहण्यासाठी आणि गरजेला हस्तक्षेपासाठी असावा. इंटरनेट गेले की पडदे थांबतात अशी रचना उपयोगाची नाही. धोक्याची सूचना ॲपवर न येता सिमकार्डवरून फोनच्या रिंगने यावी, रात्री ॲप कोण पाहतो? पॅनेलला अर्थिंग आणि विजेच्या अचानक वाढणाऱ्या दाबापासून (सर्ज) संरक्षण हवेच. नदीकाठच्या गावांत पॅनेल २०१९ आणि २०२१ च्या महापुराच्या खुणेपेक्षा उंच बसवावे. असे पॅनेल कोल्हापुरात उद्यमनगरातही बांधून मिळते, आणि दुरुस्तीला माणूस त्याच दिवशी येतो, ही बाब लहान नाही.

फॉगर आणि खतांचे स्वयंचलन दुसऱ्या टप्प्यात घ्यावे, तेही पाणी तपासल्यानंतर. शिरोळ भागातील क्षारयुक्त पाण्याने फॉगरची तोंडे चोंदतात आणि सामू (पीएच) व क्षारतेचे सेन्सर लवकर खराब होतात. छतावरचे पाणी साठवणे हा त्यावर चांगला उपाय आहे. दहा गुंठ्यांच्या छतावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे एक लाख लिटर पाणी मिळते. त्यासाठी शेततळ्याची जागा आताच राखून ठेवावी.

अनुदानाबाबत एवढेच की, महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती हाती येण्याआधी काम सुरू करू नये, आणि कोटेशनमधील कोणत्या बाबी मापदंडात बसतात हे तालुका कृषी अधिकारी कार्यालयातून आधी तपासून घ्यावे. चर्चेला येताना पाणी तपासणीचा अहवाल आणि आठ दिवसांची सकाळी सहा, दुपारी दोन व रात्री नऊ या वेळांची तापमान-आर्द्रतेची नोंद वहीत लिहून आणावी. कोटेशनवर सही त्यानंतर करावी.