पास लाइनला दोष देऊ नका, आधी कार्डाकडे बघा

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं आठवलं. 300 डॉलर घेऊन कमीत कमी 15 डॉलर लावावे लागणाऱ्या क्रॅप्स (दोन फाशांचा कॅसिनोतला जुगार) टेबलावर उभे राहिलात. फक्त पास लाइन (फासे फेकणारा जिंकेल ही मुख्य पैज) आणि तिच्यामागे पूर्ण ऑड्स (त्याच पैजेला जोडून लावायची जादा रक्कम), बाकी एकही फालतू बेट म्हणजे पैज नाही, तरी अर्ध्या तासात सगळं साफ. मग तिथल्याच मशीनवर क्रेडिट कार्डातून 400 काढले, तेही गेले. आणि आता विचारताय की स्ट्रॅटेजी बदलू का, डोन्ट पासवर (फासे फेकणारा हरेल या उलट पैजेवर) जाऊ का.

नियम तुम्हाला येतात हे दिसतंय, त्यामुळे तिथे वेळ घालवत नाही. डोन्ट पासवर खुशाल जा. पास लाइनवर कॅसिनोचा वाटा (लावलेल्या पैशातून सरासरी त्याला सुटणारा भाग) 1.41 टक्के, डोन्ट पासवर 1.36. या फरकावरून लोक तासन् तास भांडतात, पण 15 डॉलरच्या बेटवर तो एक सेंटसुद्धा भरत नाही. तुमचे पैसे तिथून गेलेले नाहीत.

300 गेले ते ऑड्सच्या आकारामुळे. पहिल्या फेकीत 4, 5, 6, 8, 9 किंवा 10 पडला की तो पॉइंट; तो पुन्हा आधी पडला तर जिंकलात, सात आधी पडला तर हरलात. 3-4-5 पट ऑड्स (4-10 ला 3 पट, 5-9 ला 4 पट, 6-8 ला 5 पट) देणाऱ्या टेबलावर 6 किंवा 8 चा पॉइंट लागला की तुम्ही 15 च्या मागे 75 ठेवता. म्हणजे एका सातावर 90 डॉलर उडाले. असे तीन दणके बसले की हातात उरतात 30. आता 6 पडायचे मार्ग 5 आणि सात पडायचे 6, त्यामुळे पॉइंट ठरल्यावर 11 पैकी 6 शक्यता तुमच्या विरुद्ध. असे तीन पॉइंट ओळीने हरायची शक्यता काढा, साधारण सहात एक येते. याला दुर्दैव म्हणत नाहीत, हे रोज कुठल्या ना कुठल्या टेबलावर होत असतं. ऑड्सवर कॅसिनोचा वाटा शून्य हे खरंच आहे, जिंकल्यावर मोबदला 4-10 ला दोनास एक, 5-9 ला तीनास दोन, 6-8 ला सहास पाच, अगदी चोख हिशेब. म्हणूनच पुस्तकी सल्ला असतो की ऑड्स पूर्ण घ्या. तो सल्ला मोठ्या खिशाचा आहे. 300 वाल्याने 15 च्या टेबलावर एकपट ऑड्स घ्यावेत नाहीतर घेऊच नयेत, आणि 5 किंवा 10 चं टेबल मिळालं तर तिकडे जावं. माझा ठोकताळा असा की एका वेळी टेबलावर जे काही मांडलंय ते सगळं मिळून त्या दिवसाच्या पैशाच्या दहाव्या भागाच्या वर जाऊ नये. यामागे शास्त्र वगैरे काही नाही. कोणाला पटणार नाही, चालेल.

आता खरा मुद्दा, ते 400.

नुसत्या पास लाइनवर 15 डॉलर लावले तर एका निकालाला सरासरी 21 सेंट जातात. टेबल बऱ्यापैकी चालू असेल तर तासाला तीसेक निकाल लागतात, म्हणजे तासाचे सहा-साडेसहा डॉलर. कॅसिनोतल्या करमणुकीच्या मानाने हे खरंच स्वस्त आहे. आता कार्डावरच्या रोख रकमेचं बघा. बँकेचं शुल्क 5 टक्के धरा (तुमच्या कार्डाचं वेगळं असेल, तपासा), 400 वर 20 झाले. म्हणजे एकही फासा पडायच्या आत तुम्ही पास लाइनचे तीन तास आगाऊ भरून बसलात. त्यावर मशीनवाल्याचं वेगळं शुल्क. त्यावर व्याज, आणि बहुतेक कार्डांवर ते पैसे काढल्या दिवसापासूनच सुरू होतं, खरेदीला मिळते तशी बिनव्याजी मुदत रोखीला नसते.

ती मशीन्सही काय हुशारीने बसवलेली असतात बघा. डेबिट कार्डाची दिवसाची मर्यादा संपली की पडद्यावर नकार दिसतो, आणि त्याच्या खालीच प्रश्न येतो की क्रेडिट कार्डावरून रक्कम हवी का. होय दाबलं की शुल्काचा आकडा बारीक अक्षरात येतो, पुन्हा होय दाबलं की कॅशियरच्या खिडकीवर ओळखपत्र दाखवून सही करायची. मागे टेबलावरचा आरडाओरडा ऐकू येत असतो. त्या घटकेला कोण वाचतंय तो आकडा.

मीही एकदा असेच कार्डावरून पैसे काढले होते. टेबलावर जे गेले त्याचं मला काही वाटलं नाही, ते जायलाच नेले होते. छळ झाला तो नंतर, कार्ड देणाऱ्या बँकेच्या कार्ड विभागाकडून. नाव घेत नाही, कारण दुसरीकडे वेगळं असेल अशी माझी खात्री नाही. मशीनवाल्याचं शुल्क काढलेल्या रकमेतच मिळवून बँकेकडे गेलं होतं, त्यामुळे बँकेने आपली टक्केवारी त्या शुल्कावरही लावली. ठीक, भरलं. बिल आलं त्या आठवड्यात पूर्ण रक्कम भरली, एक पैसा बाकी ठेवला नाही. पुढच्या महिन्याच्या बिलात पुन्हा व्याज! फोन केला तर म्हणे सिस्टिमने लावलंय. कशावर लावलंय? तर अटी वाचून दाखवल्या. तोच परिच्छेद, त्याच सुरात, दोनदा. बिल निघाल्या तारखेपासून पैसे जमा होईपर्यंतच्या दिवसांचं ते व्याज होतं, एवढं एक वाक्य सांगायला कोणी तयार नव्हतं. मी विचारलं, मग आज सगळं मिटवायचं असेल तर नेमके किती भरू? फोनवर सांगता येत नाही, शाखेत जा. शाखेत गेलो तर कार्डाचं काम फोनवरच होतं. आणि कार्डावरची रोख मर्यादा शून्य करून द्या ही साधी मागणी केली, तर एक जण म्हणाला ऑनलाइन फॉर्म भरा, दुसरी म्हणाली असा फॉर्मच नाही, तिसऱ्याने विचारलं की सर, आपल्याला एकूण मर्यादा वाढवून हवी आहे का. हसावं की रडावं कळेना. मर्यादा वाढवायला एक मिनिट पुरतं, कमी करायला कोणालाच अधिकार नसतो. अखेर लेखी अर्ज दिला, त्यात दोनच ओळी: अमुक तारखेला खातं पूर्ण मिटवायची रक्कम लेखी कळवा, आणि रोख मर्यादा शून्य करा. पोच घेतली. त्यानंतर मात्र काम झालं. फोनवर जे महिनोन् महिने होत नाही ते पोच घेतलेल्या कागदाने होतं, हा माझा सगळ्याच कार्यालयांबाबतचा अनुभव आहे, पण तो विषय वेगळा.

तर शिस्तीबद्दल माझं मत विचाराल तर ती टेबलावर पाळायची गोष्टच नाही. फासे हातात असताना, शेजारचे चार जण आपल्या नावाने ओरडत असताना कसली शिस्त? "इतके हरलो की उठेन" हे सगळेच ठरवून येतात. शिस्त घरून निघतानाच उरकायची. क्रेडिट कार्ड बरोबर न्यायचंच नाही, किंवा त्याची रोख मर्यादा शून्य करून टाकायची, डेबिटची दिवसाची मर्यादा खाली आणायची. नळच बंद असला की बादलीकडे बघत बसावं लागत नाही. मी काही आर्थिक सल्लागार नाही, प्रत्येक देशात बँकांचे नियम निराळे, तेव्हा आपापलं तपासून घ्या. आणि काढलेले पैसे घरच्यांपासून लपवावे लागत असतील तर हा धागा सोडा, त्यावर ऑड्सचा हिशेब चालत नाही. बऱ्याच ठिकाणी स्वतःहून नाव देऊन प्रवेश बंद करून घेता येतो, ते करा.

काही सुटे मुद्दे, विचारले नाहीत तरी. पॉइंट ठरल्यावर पास लाइन उचलता येत नाही, पण ऑड्स कधीही मागे घेता येतात, प्लेस बेटही (आपण निवडलेला आकडा सातच्या आधी पडेल ही पैज). म्हणजे उठायचं ठरलं तर डीलरला सांगून ऑड्स काढा, नवीन काही लावू नका, लाइनचा निकाल लागला की निघा. ऑड्स 5-9 वर सम आकड्यात आणि 6-8 वर पाचाच्या पटीत ठेवा, नाहीतर सुट्टे सेंट डीलर देत नाही, खाली कापतो. 6-8 वर प्लेस लावायचं तर सहाच्या पटीत, तिथे वाटा 1.52 टक्के, सोसण्यासारखा. टेबलाच्या मधल्या भागात मात्र हात घालू नका. हार्ड 8 ला नवास एक देतात, पण जिंकायचा मार्ग एकच, चार-चार, आणि हरायचे दहा (कुठलाही सात किंवा दुसऱ्या जोडीने पडलेला आठ). एनी सेव्हनवर (पुढच्याच फेकीला सात पडेल ही पैज) तर वाटा 16.67 टक्के आहे. स्टिकमन (काठीने फासे सरकवणारा कर्मचारी) याच बेट्सच्या नावाने सतत ओरडत असतो, कारण तुमची पास लाइन ओरडून विकण्यात कॅसिनोला काही मिळत नाही.

फासे "सेट" करून, म्हणजे हवा तो आकडा पडावा म्हणून ठराविक पद्धतीने धरून, फेकायला शिकवणारे क्लास दिसतील. समोरच्या भिंतीवर रबराचे टोकदार उंचवटे उगाच लावलेले नाहीत, फासे कसेही उसळावेत म्हणूनच ते असतात. 2009 मध्ये अटलांटिक सिटीत एका बाईने सात पडून बाद होण्याआधी 154 वेळा फासे फेकले, चार तासांहून जास्त, आणि ती त्या खेळात अगदीच नवखी होती. सरासरी शूटरला, म्हणजे फासे फेकणाऱ्याला, साडेआठ फेका मिळतात.

ते 400 मात्र बिलाची वाट न बघता आजच भरून टाका. बिल निघायच्या आतही भरता येतात, आणि त्यावर रोज व्याज चढतंय. भरल्यावर पुढच्या बिलात थोडं व्याज दिसलं तर चिडून फोन करू नका, सरळ लेखी विचारा.