ग्रंथपालाला विचारा: परिषदेला पैसे द्यायचे, पण कशासाठी?

प्रश्न : मॅडम, आमची भागीदारीतली फर्म आहे. शिरोली एमआयडीसीत लोखंडी रॅक आणि कपाटं बनवतो. दुर्मीळ ग्रंथ आणि हस्तलिखितं सांभाळणाऱ्या ग्रंथपालांची दोन दिवसांची परिषद कोल्हापुरात भरणार आहे. आयोजक संस्थेचं पत्र आलंय : सुवर्ण प्रायोजक एक लाख, रौप्य पन्नास हजार, कांस्य पंचवीस हजार. बदल्यात बॅनर, किट बॅगेवर नाव आणि उद्घाटनाला मंचावर खुर्ची. धाकटा भाऊ म्हणतो, ही माणसं काही विकत घेत नाहीत, पैसे पाण्यात जाणार. तुम्ही अशा परिषदा भरवल्यात. द्यावेत का?

उत्तर : धाकट्या भावाचं निम्मं बरोबर आहे. परिषदेत कुणी चेक फाडत नाही. विद्यापीठात रॅक घ्यायचे तर निविदा निघते. सार्वजनिक वाचनालयात कार्यकारी मंडळ ठरवतं, आणि तेही अनुदानाचा हप्ता हातात पडल्यावर. पण फळी किती खोल हवी, रंग कसला हवा, खालचा कप्पा जमिनीपासून किती वर हवा, हे कागदावर लिहून कोण देतं? परिषदेला येणारी हीच मंडळी. त्यांची अडचण दोन दिवस कान देऊन ऐकलीत तर पुढची काही वर्षं काय बनवायचं ते कळेल. म्हणून पैसे द्या, पण बॅनरला देऊ नका. दुसऱ्या दिवशी दुपारी बॅनर उतरतो आणि कुणाच्या तरी गळक्या खिडकीवर जाऊन बसतो. किट बॅगेतून लोक भाजी आणतात. मंचावरच्या खुर्चीबद्दल तर बोलायलाच नको. शाल, श्रीफळ आणि चार लांबलेली भाषणं संपेपर्यंत तुमचा अख्खा सकाळचा वेळ गेलेला असतो.

आयोजकांना सांगा, सभागृहाबाहेर मला एक रॅक उभा करू द्या. रिकामा नको, भरलेला. आपल्याकडची पोथी आडवी आणि लांबट असते, सुटी पानं दोन फळ्यांत धरून कापडात बांधलेली. कादंबऱ्यांसाठी केलेल्या नऊ-दहा इंची फळीवर ती ठेवली की टोक बाहेर येतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची कोपरं तिला लागतात. मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, गाठोड्यासारखे असतात, त्यांना दोन फळ्यांमध्ये जास्त उंची लागते. नकाशे गुंडाळून ठेवायचे नसतात, त्यांना उथळ, रुंद खण हवेत. त्या मापाची खोटी बासनं, म्हणजे कापडी गाठोडी, बांधून मांडा. मग गंमत बघा. ग्रंथपाल आधी फळीच्या कडेवरून बोट फिरवतो, कारण धारदार कड कापडही फाडते आणि कातडी बांधणीही. मग खण ओढून बघतो, आणि मग विचारतो, पावडर कोटिंग, म्हणजे पावडरीचा भट्टीत भाजलेला रंग, आहे का? नीट न भाजलेल्या रंगातून वायू निघत राहतात आणि बंद कपाटात ते कागदाला बाधतात. लाकडातून आम्लं सुटतात, म्हणून तर तुमच्या लोखंडाला भाव.

कोल्हापुरात एक गोष्ट जास्तीची दाखवता येईल. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा कुठवर आली ते तुम्हाला मी सांगायला नको. भिजलेलं पुस्तक फुगतं. फळीवर पुस्तकं गच्च भरलेली असली तर ती फुगून एकमेकांत अशी अडकतात की ओढून निघत नाहीत, आणि बाजूचे पत्रे बाहेर ढकलले जातात. शिवाय वजन वाढतं ते वेगळंच. साधारण ४८ तासांत ती वाळवायला किंवा गोठवायला घेतली नाहीत तर बुरशी धरते. म्हणजे त्या दोन दिवसांत पुस्तक फळीवरून सुटतं की नाही, यावर सगळं असतं. खालचा कप्पा जमिनीपासून निदान चार ते सहा इंच वर, बाजू भक्कम, आणि मधली फळी पान्याशिवाय काढता येईल अशी. हे तुम्ही करून दाखवलंत तर तुमच्याभोवती चहाच्या टेबलापेक्षा जास्त गर्दी होईल.

उरलेल्या पैशांचं काय? अमेरिकेत दुर्मीळ ग्रंथ आणि हस्तलिखितांच्या ग्रंथपालांचा एक विभाग आहे, तिथल्या ग्रंथालय संघटनेअंतर्गत. त्यांच्या परिषदेत जुन्या पुस्तकांचे विक्रेते वेगळ्या दालनात आपापली टेबलं मांडतात, आणि ज्यांना येणं परवडत नाही त्यांच्यासाठी शिष्यवृत्त्या असतात. ही रीत मला पटते. तुम्ही कांस्यच घ्या, आणि पत्रात स्पष्ट लिहा की ही रक्कम आजरा, चंदगड, शाहूवाडीकडच्या छोट्या वाचनालयांतल्या माणसांच्या नोंदणीला, एसटीला आणि मुक्कामाला वापरावी. कपाटात शंभर वर्षांचे ग्रंथ आहेत आणि त्यांचं काय करायचं हे सांगायला कुणी नाही, अशी माणसं तिथूनच येतात. परिषदेनंतर खर्चाचा तपशील मागा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत. हजर राहिलेल्यांचे फोन नंबर मात्र यादी करून मागू नका. ज्याला हवंय तो स्वतः तुमच्या वहीत लिहील.

कराचं थोडक्यात. प्रायोजकत्व घेणारी संस्था कंपनी नसून न्यास असेल आणि देणारी भागीदारी फर्म असेल, तर १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जनं तुम्हीच भरायचा. एक लाखाचे एक लाख अठरा हजार झाले, हे आधी धरा. पुढं त्याचं क्रेडिट मिळू शकतं, म्हणजे तुमच्या विक्रीवरच्या जीएसटीतून ती रक्कम वजा करता येते. धर्मादाय संस्थेला निव्वळ देणगी दिली आणि संस्थेनं आभार म्हणून फक्त नाव लिहिलं, धंद्याची जाहिरात केली नाही, तर जीएसटी लागत नाही. तसं परिपत्रक २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये निघालंय. पण भरलेला रॅक मांडून ‘ही देणगी’ म्हणता येणार नाही. पत्राचा मसुदा सीएच्या नजरेखालून घाला.

प्रश्न : आमच्या परिषदेच्या दोन्ही दिवसांच्या जेवणाचा खर्च एक लॅमिनेशनवाले उचलायला तयार आहेत. अट एकच, दुसऱ्या सत्रात त्यांना एका जुन्या मोडी कागदावर प्रात्यक्षिक करू द्यायचं. आमच्या अध्यक्षांना यात गैर वाटत नाही. (एक सहायक ग्रंथपाल, गडहिंग्लज)

उत्तर : अध्यक्षांना म्हणावं, जेवण घरून आणू, पण हे नको. उष्णतेनं चिकटवलेलं प्लास्टिक कागदापासून परत सुटत नाही, आणि जो इलाज उलटवता येत नाही तो जुन्या कागदावर करायचा नाही. एके काळी मोठमोठ्या दप्तरखान्यांनी सेल्युलोज अॅसिटेट या प्लास्टिकची लॅमिनेशनं केली. आता ती कुजताना आंबूस वास सुटतो आणि आतला कागद सोबत जातो. झाकूनच ठेवायचा असेल तर पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात सुटा ठेवा, कडा बंद करा, कागदाला काहीही चिकटवू नका.

आणि दुसरं. प्रायोजकाला बाहेर टेबल द्या, सत्र देऊ नका. सत्रात कोण बोलणार हे कार्यक्रम समितीनं ठरवायचं, आणि जेवणाचा हिशेब त्या समितीच्या कानावरही जाता कामा नये. त्यांना प्रात्यक्षिक करायचंच असेल तर कालच्या ‘सकाळ’वर करू दे.

प्रश्न : मी रविवार पेठेत बाइंडिंग करतो, वडिलांपासूनचं काम आहे. पैसे द्यायची ऐपत नाही. तरी कोल्हापुरातल्या ग्रंथपालांच्या परिषदेत माझं नाव लागावं असं वाटतं. काही मार्ग?

उत्तर : आहे की. आयोजकांना कळवा, ‘दोन तास हातशिलाई शिकवतो, दोरा, सुया, दाभण माझं.’ पैशाऐवजी काम देणारा हाही प्रायोजकच, आणि तुमचं नाव पत्रिकेत रॅकवाल्यांच्या शेजारी छापायला सांगा. हे काम हातानं येणारी माणसं परिषदेत मोजकीच असतात. बाकीचे आम्ही नुसते बोलणारे. एवढंच बघा, खळ करताना सवयीनं मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, टाकाल. त्यानं झुरळं दूर राहतात हे खरं, पण तांबं पुढं कागद ठिसूळ करतं, आणि समोर बसलेल्यांपैकी कुणीतरी ते विचारणारच. त्या दिवशी गव्हाच्या सत्त्वाची साधी खळ सकाळी ताजी करून न्या.