धाकटीची हौस

वाचकाचे पत्र :

ताई, सप्रेम नमस्कार. माझे वय ४४. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी १९ वर्षे जॉबर, म्हणजे लूम (यंत्रमाग) लावून चालू ठेवणारा कारागीर, होतो. दीड वर्षापूर्वी कारखाना बंद पडला. त्यानंतर दोन ठिकाणी काम करून पाहिले, पण पगार निम्मा होता आणि ७६ वर्षांच्या आप्पांजवळ दिवसभर कोणीच राहत नव्हते. माझी पत्नी परिचारिका आहे. सकाळच्या पाळीसाठी ती साडेसातला घर सोडते. आम्ही दोघांनी विचार करून ठरवले की तिने नोकरी करायची आणि मी घर सांभाळायचे. बाजारहाट, कपडे, वरण-भात-भाजी, आप्पांचे इन्सुलिन, मुलांच्या शाळेच्या बैठका हे सारे मी मनापासून करतो. भाकरी तेवढी मला जमत नाही, ती धाकटी लेक थापून शाळेत जाते, तिला हौसही आहे. मोठा मुलगा दहावीला आहे.

यंदा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत चुलतभावाने चारचौघांत विचारले, “सध्या काय करतोस?” माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. शाळेच्या अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ हा रकाना मी कोरा सोडला. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून पत्नीचे नाव आहे. ताई, आमच्या घरातला कर्ता आता कोण? आणि जॉबर नसलो, तर मी कोण?

उत्तर :

प्रिय वाचक,

तुमच्या पत्रात तुमचे वय आहे, आप्पांचे वय आहे, मोठ्या मुलाची इयत्ता आहे, पत्नीच्या पाळीची वेळ आहे. धाकटीचे मात्र ना वय आहे, ना इयत्ता. तिच्या वाट्याला सगळ्या पत्रात एकच वाक्य आले आहे, तेही भाकरीच्या निमित्ताने, आणि मी त्या वाक्यापाशीच थांबले आहे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथेच दिसते, म्हणून आज मी बाकीच्या गोष्टींवर फार लिहिणार नाही.

आधी हिशोब करू. घरात पाच माणसे. माणशी दोन धरल्या तरी रोजच्या दहा भाकऱ्या. एका तव्यावर एका भाकरीला तीन मिनिटे धरली तर अर्धा तास झाला. त्याआधी पाणी उकळणे आणि पीठ मळणे, त्यानंतर परात घासणे आणि ओट्यावर उडालेले पीठ पुसणे. साडेसातच्या आत आईचा डबा भरून द्यायचा, म्हणजे ही मुलगी सहाच्या आत उठलेली असते. मोठा दहावीला असल्यामुळे धाकटी बारा-तेरा वर्षांची असावी असा माझा अंदाज आहे. ती ओट्याशी उभी असते तेव्हा तिचा भाऊ काय करत असतो आणि तुम्ही कुठे असता, हे पत्रात लिहिलेले नाही.

आता ‘हौस’ या शब्दाबद्दल. हा शब्द मला चांगला ओळखीचा आहे, कारण तो माझ्याबद्दल वापरला गेला होता. माझी आई सोलापूरच्या पूर्वभागात बिड्या वळत असे. रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेली पाने ती पहाटे पत्र्याच्या मापाने कापायची, मग मांडीवर सूप घेऊन बसायची, आणि पानात तंबाखू भरून, वळून, दोरा गुंडाळेपर्यंत तिची नजर हातावरून हलत नसे. बिडीचे तोंड आत दुमडायचे काम माझ्याकडे होते, कारण लहान बोटांना ते लवकर साधते. हजार बिड्या पुऱ्या झाल्याशिवाय ब्रँचमध्ये, म्हणजे कारखान्याच्या बिड्या जमा करण्याच्या जागी, जाता येत नसे, आणि तिथे छाट (नापास बिड्या) निघाली की तेवढी मेहनत पाण्यात जाई. बाबांचे गिरणीतले काम सुटले होते. ते उंबऱ्यात बसून असत, आणि कोणी आले की माझ्याकडे बोट दाखवून कौतुकाने म्हणत, “पोरीला भारी हौस आहे हो.” मला त्या कौतुकाचा आनंद व्हायचा, हे मी नाकारत नाही. शाबासकी ज्या कामाला मिळते त्या कामाची लेकराला हौस वाटतेच. पण माझा भाऊ त्या वेळी गल्लीत खेळत असे, त्याला कशाची हौस आहे हे कोणी ठरवून टाकले नव्हते, आणि सातवीच्या वर्गात डोळा लागल्याबद्दल छड्या मी खाल्ल्या होत्या. बाबा वाईट नव्हते. घरात जे रिकामे पडले होते ते आपण उचलायचे असते, हे त्यांना कोणी सांगितले नाही आणि त्यांनीही कोणाला विचारले नाही.

तुम्ही मात्र पुष्कळ उचलले आहे. सासऱ्याचे इन्सुलिन सून देते आणि मुलगा बाहेरच्या खोलीत बसून राहतो अशी कितीतरी घरे मी पाहिली आहेत, त्यामुळे तुम्ही जे करता त्याची किंमत मला कळते. पण तुम्ही जे घेतले आणि जे सोडले, ते एकदा शेजारी शेजारी मांडून पाहा. कपडे यंत्रात पडतात, वरण-भात कुकरमध्ये होतो, मंडईत पुरुष पूर्वीपासून जातात, शाळेच्या बैठकीला वडील आले तर गुरुजींना बरेच वाटते. राहिली ती भाकरी. भाकरीला आवाज असतो. थापण्याचा तो आवाज भिंतीपलीकडे शेजाऱ्याला, खाली जिन्यात, समोरच्या गॅलरीत ऐकू जातो, आणि थापणारा हात बाईचा आहे असे ऐकणारा धरून चालतो. तुमच्या घरातून तो आवाज धाकटीच्या हातून आला की कोणी काही विचारत नाही. माझी शंका अशी आहे की तुम्हाला भाकरी जमत नाही हे खरे कारण नाही. तुमच्या घरातल्या बदलाचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ती मुलगी पहाटे उठते आहे. माझे चुकत असेल तर मला तसे कळवा. पण कळवण्याआधी परातीत हात घालून पाहा.

‘जमत नाही’ हे तर मी जॉबरच्या तोंडून ऐकूनच घेणार नाही. चालत्या लूमचा आवाज जरा बदलला की कुठे बिघडले ते ज्याच्या कानाला कळते, बीमवरच्या शेकडो धाग्यांतला तुटलेला एक धागा ज्याची बोटे शोधून काढतात आणि गाठ मारून मोकळी होतात, त्या माणसाला ज्वारीचा गोळा आवरत नाही? ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटा नसतो, म्हणून पाणी उकळते घ्यावे लागते. पीठ एकदम सगळ्या भाकऱ्यांचे न मळता एकेका भाकरीपुरते तळहाताच्या टाचेने रगडून घ्यावे लागते. कडा फाटल्या की समजावे मळणे कमी पडले. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवायला उशीर झाला तर भाकरी फुगत नाही. एवढेच शास्त्र आहे. लूम सेट करायला तुम्ही किती महिने शिकलात ते आठवा. याला पंधरा दिवस लागतील.

तुम्ही कर्ता कोण असे विचारले आहे. शाळेत व्याकरण शिकताना आपण सगळ्यांनी वाचले आहे की वाक्यातली क्रिया जो करतो तो कर्ता. घरातल्या ‘कर्त्या पुरुषा’चा अर्थ मात्र आपण पगार आणणारा असा करून ठेवला, आणि पगार थांबला की तो शब्द अंगावरून गळून पडतो असे तुम्हाला वाटू लागले. सोलापुरात तरी हा अर्थ कधीच पुरता खरा नव्हता. गिरण्यांचे भोंगे बंद झाल्यावर या गावातली हजारो घरे बिड्या वळणाऱ्या बायकांच्या मजुरीवर चालली. सोलापूरजवळ कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली ती याच बायकांसाठी, आणि २००६ मध्ये पंतप्रधान त्या घरांच्या वाटपाला आले होते. त्या बायका ब्रँचमधून घरी येऊन पुन्हा चुलीपुढे बसत होत्या. ‘मी आता कोण’ हा प्रश्न विचारायला त्यांना सवड नव्हती, आणि तो त्यांना पडत असेल असे इतर कोणाच्या मनातही आले नाही. तुम्हाला तो पडला, तुम्ही तो लिहून पाठवला, यात मला कमीपणा दिसत नाही. पण तो प्रश्न निवांत विचारता यावा म्हणून घरातले दुसरे कोणी पहाटे उठत असेल, तर आधी तिला झोपू द्या.

रेशनकार्डाचे मनाला लावून घेऊ नका. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानेच पात्र कुटुंबातल्या अठरा वर्षांवरील सर्वांत मोठ्या स्त्रीला शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख मानले आहे; त्यात तुमच्या नोकरीचा काही संबंध नाही. त्याच्याही कितीतरी आधी, १९९४ मध्ये, महाराष्ट्राने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आणि २००५ मध्ये तो देशभर लागू झाला. कागदावर धाकटी तिच्या भावाच्या बरोबरीला आहे; सकाळी सहा वाजता नाही.

आणि ही गोष्ट तुमच्या एकट्याच्या घरातली नाही, हेही सांगते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये लोकांच्या दिवसाचे तास कसे जातात याचे देशभर सर्वेक्षण केले. घरातल्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात आणि ते काम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे, असे त्यात दिसले. त्या सर्वेक्षणात वयाची अट सहा वर्षांची होती, म्हणजे तुमच्या धाकटीएवढ्या मुलींची मिनिटेही त्यात आली आहेत. या आकड्यांत तुम्ही वेगळे उठून दिसाल असे पुरुष आहात, म्हणूनच मी तुम्हाला इतक्या तळमळीने लिहिते आहे. आई घराबाहेर पडली की तिचे काम बापाकडे यावे. ते बापाला वळसा घालून लेकीकडे गेले, तर त्या घरात काही बदलले असे मी म्हणणार नाही. तुमच्या पत्नीलाही मी हेच सांगेन. “शिकलेली बरी, पुढे उपयोगी पडेल,” असे त्या म्हणत असतील, तर तेच वाक्य त्यांनी मोठ्या मुलालाही ऐकवावे.

तेव्हा माझे सांगणे एवढेच आहे. उद्या पहाटे साडेपाचला तुम्ही उठायचे. आदल्या रात्रीच धाकटीला सांगायचे की उद्यापासून भाकरी बाबा करणार आहेत, तिने शाळेच्या वेळेपर्यंत झोपायचे. ती हट्टाने उठून आली, हौसेने परात ओढू लागली, तरी तिला परत पाठवायचे. तिची हौस खरी असेल तर ती रविवारी दुपारी पुरी करता येईल. कडक भाकरीची पाकिटे आणून वेळ मारून नेऊ नका, आणि हे काम मोठ्याच्या गळ्यातही लगेच घालू नका. त्याला आधी तुम्हाला ते करताना पाहू द्या. खिडकी लावून घेऊ नका. थापेचा आवाज जिन्यात जाऊ द्या.

चुलतभावाला काय सांगायचे आणि अर्जातल्या त्या रकान्यात काय लिहायचे, हे मी आज मुद्दाम सांगत नाही. जनगणनासुद्धा घर सांभाळणाऱ्याला ‘काम न करणारा’ या गटात टाकते. हा देश ज्या कामाला इतकी वर्षे कामच म्हणत आला नाही, त्यासाठी एका रकान्यात मावणारा शब्द मी तुम्हाला एका पत्रातून देऊ शकत नाही. एक महिना पिठात हात घातल्यावर तुमचा तुम्हाला तो सापडेल, आणि तो अर्ज भरताना धाकटीला शेजारी बसवा, कारण तो अर्ज तिच्या शाळेचाही आहे.

पहिले आठ दिवस भाकऱ्या कडेला फाटतील, मधे जाड राहतील, एखादी तव्याला चिकटेल. त्या स्वतःच्या ताटात घ्या. आप्पांना आणि डब्याला त्यातल्या बऱ्या द्या. महिनाभराने मला पुन्हा पत्र लिहा. त्यात तुमच्याबद्दल थोडे कमी लिहिलेत तरी चालेल. धाकटीचे वय लिहा, तिची इयत्ता लिहा, आणि ती आता सकाळी किती वाजता उठते ते लिहा.