सासूबाईंच्या नावावरचे घर आणि सुनेचा निवास

प्रश्न : माझे वय ३६ आहे. वडोदऱ्यात मांजलपूरला सासूबाईंच्या नावावर असलेल्या फ्लॅटमध्ये मी अकरा वर्षे नांदले. नवऱ्याची मारहाण असह्य झाल्याने नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन दांडिया बाजारात भावाकडे आले आहे. भावाचे घर दोन खोल्यांचे असून वहिनी तोंडाने काही बोलत नसली तरी हे फार दिवस चालणार नाही, हे मला समजते. ‘घर माझे आहे, तू आपल्या पायाने गेलीस,’ असे म्हणून सासूबाईंनी ज्येष्ठ नागरिकांच्या न्यायाधिकरणात माझ्याविरुद्ध अर्ज केला आहे. शाळेतल्या अर्धवेळ नोकरीच्या पगारात भाडे निघत नाही. मी कुठे जावे?

उत्तर : घर कोणाच्या नावावर आहे, या प्रश्नाने आपल्याला जितके घाबरवले आहे तितके घाबरण्याचे कारण नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा मालकी पाहत नाही. कौटुंबिक नात्याने आपण त्या घरात राहत होता की नाही, हे पाहतो. त्याच्या कलम १७ प्रमाणे सामायिक घरात राहण्याचा आपल्याला हक्क आहे आणि कायद्याने ठरवलेल्या रीतीशिवाय कोणालाही आपल्याला तेथून बाहेर काढता येत नाही. घर पतीचे किंवा त्याचा हिस्सा असलेल्या एकत्र कुटुंबाचे असेल तरच ते सामायिक, असा अर्थ २००६ च्या एका निकालामुळे बरीच वर्षे लावला जात होता; सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंद्र आहुजा यांच्या खटल्यात तो चुकीचा ठरवला आणि सासू-सासऱ्यांच्या मालकीचे घरही सामायिक असू शकते, असे सांगितले. आपण आपल्या पायाने निघालात, हेही आपल्या विरुद्ध जात नाही. प्रभा त्यागी यांच्या २०२२ च्या निकालानुसार स्त्री प्रत्यक्ष त्या घरात राहत नसतानाही निवासाचा हक्क मागू शकते.

मात्र हा हक्क अमर्याद नाही. त्याच आहुजा निकालात वृद्ध सासू-सासऱ्यांच्या शांततेने जगण्याच्या हक्काचाही विचार व्हावा, असे म्हटले आहे. न्यायालय आपल्या पतीला घराबाहेर राहण्याचा आदेश देऊ शकते; पण याच २००५ च्या कायद्याच्या कलम १९ मध्येच कोणत्याही स्त्रीला तसा आदेश देता येणार नाही, असे लिहिलेले असल्यामुळे सासूबाईंना घर सोडायला लावता येणार नाही. न्यायाधिकरणातल्या त्यांच्या अर्जाकडे मात्र दुर्लक्ष करू नका. तेथे हजर राहून, मारहाणीमुळे घर सोडावे लागले आणि निवासाच्या हक्कासाठी आपण दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागत आहोत, हे लेखी द्या. ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातील झटपट प्रक्रियेचा वापर करून सुनेचा निवासाचा हक्क मोडीत काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये एस. वनिता यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे.

आता कुठे जावे, याविषयी. माझे स्पष्ट मत असे की त्याच फ्लॅटमध्ये परत जाण्याचा आग्रह धरण्यापेक्षा आपण कलम १९ च्याच आधारे, पूर्वीच्या घराच्या तोडीचे दुसरे घर किंवा त्याचे भाडे पतीकडून मागावे. जेथे मार खाल्ला त्याच भिंतींच्या आत केवळ हक्क सिद्ध करण्यासाठी राहणे सगळ्यांना झेपत नाही, आणि मुलाला तर मुळीच नाही. ही मागणी करताना ‘योग्य ते भाडे मिळावे’ असे मोघम लिहू नका. मुलाच्या शाळेजवळच्या दोन-तीन घरांची भाडी आणि अनामत रक्कम चौकशी करून अर्जात आकड्यांसह मांडा, आणि पोटगीची मागणी त्याहून वेगळी ठेवा. दोन्ही एकत्र केल्या की भाड्याची रक्कम पोटगीत विरून जाते, हा वकिलांच्या नित्याच्या पाहण्यातला प्रकार आहे. पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा असली तरी प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ जातो. म्हणून कलम २३ खाली अंतरिम आदेशाचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह पहिल्याच दिवशी द्यावा.

आपल्या जिल्ह्यात हे काम ज्या अधिकाऱ्याकडे आहे त्यांना सरकारी भाषेत दहेज प्रतिबंधक अधिकारी-सह-रक्षण अधिकारी म्हणतात. नावात हुंडा असला तरी हुंड्याची तक्रार नसलेल्या स्त्रीचेही काम त्यांनीच करायचे असते. घटनेचा अहवाल तयार करणे, अर्ज लिहायला मदत करणे आणि निवाऱ्याची सोय पाहणे ही त्यांची कर्तव्ये आहेत. वकिलाच्या खर्चाची काळजी नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला तिचे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते.

भावाकडे राहणे एखाद्या रात्री अशक्य झाले, तर १८१ वर ‘अभयम्’ या गुजरातच्या महिला हेल्पलाइनला फोन करा. समुपदेशक आणि महिला पोलीस असलेली त्यांची गाडी येते आणि आवश्यक असल्यास सखी वन स्टॉप सेंटर या पीडित स्त्रियांसाठीच्या सरकारी मदत केंद्रापर्यंत पोहोचवते. तेथील मुक्काम पाच दिवसांपर्यंतचा असतो. त्याहून अधिक काळासाठी शक्ती सदन हे सरकारी योजनेतले निवारागृह आहे आणि आपण नोकरी करत असल्यामुळे सखी निवास या नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहाचाही विचार करता येईल. मुलग्यांसाठी या ठिकाणी वयाची अट असते, म्हणून फोनवर बोलताना मुलाचे वय प्रथम सांगावे, म्हणजे दारात पोहोचल्यावर मायलेकांची ताटातूट होण्याचा प्रसंग येणार नाही.

घरात राहिलेले दागिने, प्रमाणपत्रे आणि मुलाचा जन्मदाखला आणायला एकट्या जाऊ नका. स्त्रीधन परत देण्याचा आणि त्यासाठी पोलिसांनी सोबत करण्याचा आदेश याच अर्जात मागता येतो. आपण त्या पत्त्यावर राहत होता याचा पुरावा म्हणून आधार कार्ड, शाळेच्या नोंदी, बँकेचे पासबुक यांतले जे हाती असेल ते पुरेसे आहे. (सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ सालीच हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदा मिळाला, हे आपण वडोदेकर मंडळी अभिमानाने सांगतो, त्याच शहरात माहेरी परतलेल्या मुलीला चार महिन्यांतच पाहुणी म्हणून वागवले जाते, हे मात्र कोणी सांगत नाही.)

प्रश्न : मुलगी पुण्याला दिलेली होती. जावयाच्या त्रासामुळे ती वडोदऱ्याच्या वाडी भागातल्या आमच्या घरी परत आली आहे. खटल्यासाठी तिला प्रत्येक तारखेला पुण्याला जावे लागेल का?

उत्तर : नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याच्या कलम २७ प्रमाणे पीडित स्त्री जेथे कायमची किंवा तात्पुरती राहते तेथील दंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो, त्यामुळे वडोदऱ्यात अर्ज दाखल होऊ शकतो आणि येथील आदेश देशभर लागू राहतो. भाड्याची मागणीही ती येथूनच करू शकते. मराठीतली पत्रे किंवा कागद पुरावा म्हणून जोडायचे असतील, तर त्यांचे गुजराती भाषांतर आधीच तयार ठेवावे. नाहीतर एखादी तारीख केवळ त्यापायी जाते.

प्रश्न : माझा एक फ्लॅट पतीपासून वेगळ्या राहणाऱ्या बाईंना भाड्याने द्यायचा आहे. सोसायटीचे सभासद ‘पतीची सही आणा’ म्हणतात. ते योग्य आहे का?

उत्तर : मुळीच नाही. सज्ञान स्त्री स्वतःच्या सहीने भाडेकरार करू शकते आणि त्याला पतीच्या संमतीची गरज नाही. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे मात्र आपले कर्तव्य आहे. ती दिल्याची प्रत सोसायटीला दाखवली की त्यांची रास्त शंका संपते. करार नोंदवून त्याची एक प्रत बाईंना अवश्य द्या, कारण भाडे पतीकडून मिळवण्यासाठी न्यायालयात त्यांना ती लागेल. त्यांचा पत्ता किंवा घरी असण्याच्या वेळा कोणी ‘नातेवाईक’ म्हणून विचारायला आले, तर सांगू नका, आणि वॉचमनलाही तशी सूचना देऊन ठेवा.