उपऱ्याच्या कागदांना हात लावण्याआधी

चि. बाळ,

सप्रेम सलाम.

परदेशातून आलेल्यांना कागदपत्रांत मदत करणाऱ्या, चर्चच्या तळघरातल्या इमिग्रेशनच्या टेबलावर बसायचंय, असं तू फोनवर म्हणालीस. ऐकून बरं वाटलं आणि पोटात गोळाही आला.

शिकण्याआधी मीही अशीच उत्साहानं मदत करायचे. प्रार्थनासभेला येणाऱ्या एका बाईंना असायलमचा, म्हणजे मायदेशातल्या छळापासून आश्रय मागण्याचा, अर्ज करायचा होता. मी म्हटलं, "नाताळ होऊ दे, मग निवांत बसू." अमेरिकेत आल्यापासून एका वर्षाच्या आत तो अर्ज द्यावा लागतो, हे मला ठाऊकच नव्हतं. नाताळ झाला आणि मुदतही टळली. याला अपवाद आहेत, पण ते सिद्ध करता करता त्यांच्या नाकी नऊ आले. माझ्या मनात खोट नव्हती, पण त्यांना त्याचा काय उपयोग?

वकील नसताना हे काम रीतसर करायचं तर न्याय खात्याची मान्यता लागते. आधी संस्थेला, मग संस्थेमार्फत तुला; एकटीनं मागून मिळत नाही. संस्थेची मान्यता 6 वर्षांची, तुझी 3 वर्षांची. अंशतः मान्यता असली तर इमिग्रेशन खात्यापुढे बाजू मांडता येते, पूर्ण असली तर इमिग्रेशन कोर्टातही. तू अंशतःनंच सुरुवात कर. कॅथलिक बिशपांनी 1988 मध्ये उभं केलेलं 'क्लिनिक' (दवाखाना नव्हे, इमिग्रेशनच्या कायदेशीर मदतीची संस्था) आणि वर्ल्ड रिलीफ ही ख्रिस्ती मदतसंस्था, दोघांकडेही चांगलं प्रशिक्षण मिळतं.

स्वतःला नोटरी मात्र चुकूनही म्हणवून घेऊ नकोस. लॅटिन अमेरिकेत 'नोटारियो' म्हणजे मोठा कायदेपंडित, आणि आपल्याकडेही नोटरी म्हटलं की काळा कोटच डोळ्यांसमोर येतो. इथला नोटरी फक्त सहीचा साक्षीदार. या एका शब्दावर किती जण लुबाडले गेलेत!

फॉर्म भरणं सोपं असतं, विचारणं अवघड. एक काका बिस्किटांच्या डब्यात कागद घेऊन आले. सिटिझनशिप हवी होती. ग्रीन कार्डाला पाच वर्षं झालेली, टॅक्स चोख. मी सहज विचारलं, "कधी मतदान केलंत?" ते अभिमानानं म्हणाले, "हो तर! ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवरच मतदार म्हणून नाव नोंदवलं." मी पेन खाली ठेवलं. नागरिक नसताना केलेल्या मतदानापायी देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, आणि तो अर्ज म्हणजे आपल्याच हातानं दिलेली कबुली ठरली असती. त्यांना त्याच दिवशी वकिलाकडे पाठवलं. डबा तसाच बंद करून परत देताना फार जड गेलं, पण ते यायलाच हवं.

आता श्रद्धेचं. आपल्या मराठी बायबलात परक्यासाठी 'उपरी' हा शब्द आहे: तुम्हीही मिसर देशात उपरी होता, म्हणून उपऱ्यावर प्रीती करा. मला या कामाकडे त्याच शब्दानं ओढलं. पण समोरचा मुसलमान असेल, हिंदू असेल, देव न मानणाराही असेल. प्रार्थना त्यानं मागितली तर कर. फॉर्मच्या बदल्यात ती त्याच्या गळ्यात मारू नकोस. आणि टेबलावर ऐकलेलं पास्टरांच्या कानावरसुद्धा घालायचं नाही, ते कितीही प्रेमळ असले तरी.

पहिले सहा महिने माझ्या शेजारी बसून नुसतं ऐक. बुधवारी साडेसहाला ये. काळ्या शाईचं पेन आण. हातानं भरलेल्या फॉर्मवर निळी शाई चालत नाही.

तुझी,
मावशी